अंत्यविधी, ग्रामीण विदर्भातील : दहन, दफन व देहदान

विदर्भाच्या खेड्यांत आज मृतदेहाची व्यवस्था मुख्यतः दहनाने होते. दफन काही पंथ, जमाती व लहान मुले यांच्यापुरते रूढ आहे. देहदान हा त्यामानाने अगदी अलीकडचा मार्ग. तिरडी बांधण्यापासून तेरवीपर्यंतचे विधी सर्वपरिचित असल्याने त्यांचा तपशील येथे दिलेला नाही.

प्राचीनता : या प्रदेशातील दफनाचा सर्वांत जुना ठळक पुरावा शिलावर्तुळांचा, म्हणजे मोठे दगड गोलाकार रचून केलेल्या दफनस्थळांचा आहे. नागपूरजवळील जुनापाणी येथील वर्तुळांचे उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने केले. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी व नैकुंड येथे पद्धतशीर उत्खनने केली. शिलावर्तुळे रचणाऱ्या या महापाषाणीय संस्कृतीचा काळ सामान्यतः इ. स. पू. सु. १००० ते ३०० असा धरतात. स्थळागणिक तो मागेपुढे होतो. वर्तुळाच्या आत काळ्या मातीचा व मुरमाचा भराव, लोखंडी हत्यारे, काळी-तांबडी मृत्पात्रे आणि काही ठिकाणी घोड्याची हाडे मिळतात. माहुरझरीच्या घोड्यांना तांब्याचे अलंकार होते. मानवी अस्थी मात्र पुष्कळदा त्रुटित असतात किंवा सापडतच नाहीत. त्यामुळे देह आधी अन्यत्र ठेवून निवडक अस्थी येथे पुरल्या जात, असे काही अभ्यासक मानतात. इतरांच्या मते काही वर्तुळे ही केवळ स्मारके होत. दोन्ही प्रकार एकत्र नांदत असावेत, हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. गडचिरोलीतील माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात, त्यावरून हीच परंपरा अखंड चालत आल्याचे काहींनी सुचविले आहे. मधल्या हजारो वर्षांचे दुवे हाती नसल्याने हे साम्य म्हणूनच घेणे बरे.

दफन : मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये नोंदविले आहे, की गोंडांत पूर्वी दफनच सार्वत्रिक असावे, दहन हिंदूंच्या संपर्काने आले व सरपणाच्या खर्चामुळे ते वडीलधाऱ्या, प्रतिष्ठित व्यक्तींच्या वाट्याला येई. म्हणजे सरण हे तेव्हा ऐपतीचेही लक्षण होते. महानुभाव साधू, लिंगायत व गोसावी यांच्यात दफन चालते. लिंगायत देह बसवून पुरतात. बौद्ध कुटुंबांत दोन्ही रीती आढळतात. खड्डा साधारण छातीइतका खोल घेतात, देहावर मीठ टाकतात आणि माती लोटल्यावर कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड व बोरीबाभळीच्या काट्या रचतात. वऱ्हाडाच्या काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरते, म्हणून शक्य तेथे मुरमाड उंचवटा पाहतात.

पेटी, सिमेंट व रसायने टाळून देह मातीत मिसळू देणे, ज्याला आता हरित दफन म्हणतात, ते या रीतीहून फारसे वेगळे नाही. वरोऱ्याजवळील आनंदवनात देह पुरून वर झाड लावण्याची पद्धत आहे. बाबा आमटे यांना फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांच्या इच्छेनुसार तेथेच पुरण्यात आले.

दहन : प्रौढ व्यक्तीच्या सरणाला ३०० ते ५०० किलो लाकूड लागते. बाभूळ, कडुनिंब, आंबा जे मिळेल ते घेतात. जोडीला गोवऱ्या व पेटवणाला पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे). पावसाळ्यात ओल्या सरणावर डिझेल, प्रसंगी जुने टायर टाकण्याची पाळी येते. शेतातील काडीकचऱ्याचे दाबून केलेले ठोकळे ‘मोक्षकाष्ठ’ नावाने नागपुरात वापरात आले आहेत. राख सावडल्यावर अस्थी रामटेकचा अंबाळा तलाव, कौंडण्यपूर किंवा मार्कंडा येथे नेतात.

स्मशानाची जागा पूर्व विदर्भात बहुधा निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदपत्रकात) नोंदलेली असते, वऱ्हाडात ती ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीत असते. ओटा व पत्र्याचे शेड जनसुविधा योजनेतून होते. शेड बांधले जाते आणि तिथवरचा पांदण रस्ता चिखलातच राहतो, ही तक्रार अनेक गावांत ऐकू येते.

देहदान : याला १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाचा आधार आहे, अवयवदानाचा १९९४ चा कायदा निराळा. नेत्रदान सहा तासांच्या आत करून नंतर देहदान करता येते. हयातीत शरीररचनाशास्त्र विभागाकडे साक्षीदारांच्या सह्यांचे संमतीपत्र भरतात, परंतु प्रत्यक्षात मृत्यूनंतर नातेवाइकांचा होकार निर्णायक ठरतो. दधीचीचा दाखला सभेत चालतो. संमतीपत्राची खरी कसोटी मयतीच्या दिवशी भावकीत लागते. महाविद्यालयात देहाच्या धमनीवाटे फॉर्मॅलिनयुक्त द्रव सोडून तो टिकवितात. सेवाग्राम (१९६९), सावंगी, नागपूर, यवतमाळ, अकोला व अमरावती येथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. मेळघाट किंवा भामरागडहून मात्र अंतर व उन्हाळा हे दोन्ही आड येतात. शवविच्छेदन झालेला, कुजलेला किंवा एचआयव्ही, कावीळ-ब यांसारख्या संसर्गाचा देह सहसा स्वीकारीत नाहीत. त्यामुळे आत्महत्या, अपघात, वीज वा सर्पदंशाने गेलेल्यांचे देहदान बहुधा होऊ शकत नाही. घरी मृत्यू झाल्यास आधी डॉक्टरचे मृत्युकारणाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करण्याचा नियम देहदानालाही लागू आहे.