डिस्क तीच, दुखणी दोन: लिनक्सवर एक्सफॅट आणि एनटीएफएस

लग्नसराई आटोपली की वरूड-मोर्शीकडे स्टुडिओवाले घरोघरी हार्डडिस्क पोचवतात. हळद, वरात, रिसेप्शन, सगळं त्यात. घरचा लॅपटॉप जुना. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, म्हणून पोरानं त्यावर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलेलं. डिस्क लावली, दिवा लागला आणि स्क्रीनवर लांबलचक इंग्रजी मेसेज आला की निकाल ठरलेला: "डिस्क गेली वाट्टे भाऊ!" बहुतेकदा ती ठणठणीत असते.

घोळ दोन तऱ्हेचा असतो. एक तर लिनक्सला त्या डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, वाचताच येत नाही, किंवा वाचता येते पण तो मुद्दाम लिहू देत नाही. अशा दोन पद्धती म्हणजे एक्सफॅट आणि एनटीएफएस. पहिलं दुखणं सहसा एक्सफॅटचं, दुसरं एनटीएफएसचं. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून आधी डिस्क कोणती ते बघा. 'डिस्क्स' नावाच्या ॲपमध्ये पार्टिशनवर क्लिक केलं की खाली लिहिलेलं दिसतं. टर्मिनलची सवय असेल तर एलएसबीएलके, स्पेस, डॅश, एफ. सगळी अक्षरं स्मॉल.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनं २००६मध्ये आणली. फॅट३२ या जुन्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, आणि लग्नाचा व्हिडिओ ती मर्यादा सहज ओलांडतो. कॅमेऱ्यातली ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं म्हणूनच एक्सफॅटमध्ये असतात. पण ही मायक्रोसॉफ्टच्या पेटंटमधली वस्तू, त्यामुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, तिला बरीच वर्षं जागा नव्हती. ऑगस्ट २०१९मध्ये कंपनीनं तिचं स्पेसिफिकेशन खुलं केलं. त्याच वर्षी कर्नल ५.४मध्ये तिला वाचणारा कच्चा ड्रायव्हर आला आणि २०२०मध्ये ५.७मध्ये सॅमसंगनं लिहिलेला पक्का.

म्हणजे उबंटू १८.०४ असेल, ज्याचा मूळ कर्नल ४.१५, तर 'अननोन फाइलसिस्टिम टाइप' हा मेसेज येणारच. तिथं एक्सफॅट-फ्यूज आणि एक्सफॅट-यूटिल्स ही दोन पॅकेजं टाकली की काम होतं. हाच जुना सल्ला लोक नव्या उबंटूवर वापरतात आणि 'यूटिल्स सापडत नाही' म्हणून वैतागतात. नव्यात त्याची जागा एक्सफॅटप्रोग्सनं घेतली आहे. तेही डिस्क उघडण्यासाठी नाही, फॉरमॅट आणि दुरुस्तीसाठी आहे. उघडायचं काम कर्नल स्वतः करतो.

एनटीएफएस त्याहून जुनी, १९९३ची. पण तिचा सपोर्ट लिनक्सवर कधीच स्थिरावला आहे: २००७पासून एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर आहे, उबंटूत ते आधीच असतं, आणि २०२१च्या ५.१५ कर्नलमध्ये पॅरागॉन कंपनीचा एनटीएफएस३ ड्रायव्हरही आला. इथं नवं पॅकेज शोधत बसणं म्हणजे निव्वळ टाइमपास. अडचण विंडोजनं करून ठेवलेली असते. विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. शटडाउन केलं तरी मशीन पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपी जाते. त्यात डिस्क लावलेलीच राहिली, किंवा तशीच उपटली, तर तिच्यावर 'हिशेब अपुरा' अशी खूण राहते. ती दिसली की एनटीएफएस-३जी डिस्क फक्त वाचायला उघडतं आणि एनटीएफएस३ नेहमीच्या पद्धतीनं उघडायलाच नकार देतो. राग येतो, पण ते बरोबरच वागतात. अपुऱ्या हिशेबावर नवं लिहिलं तर आधीचंही हातचं जाईल.

उपाय विंडोजवरच आहे. सेतू केंद्रात किंवा स्टुडिओत डिस्क लावा, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) चालवा, 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. ज्या मशीनवर डिस्क नेहमी लागते, ती शिफ्ट दाबून शटडाउन करायला सांगा. लिनक्सवरचं एनटीएफएसफिक्स हे चेकडिस्क नव्हे. मोजकी दुरुस्ती करून ते बाकीची तपासणी विंडोजवर ढकलतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड: लाईन जाते. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर कॉपी चालू असतानाच सगळं बंद. एनटीएफएसमध्ये जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, असतं, म्हणून तिचा सांगाडा बहुधा सावरतो. एक्सफॅटमध्ये ते नाही. कॉपीची पट्टी पूर्ण झाली तरी थोडा डेटा मेमरीतच असू शकतो, तेव्हा 'इजेक्ट' केल्याशिवाय वायर काढू नका.

नवी डिस्क भरून घेताना स्टुडिओवाल्याला एक्सफॅटच सांगा. विंडोज, लिनक्स, मॅक तिघंही तिच्यावर लिहितात. एनटीएफएसमध्ये भरलेली आधीच हातात आली असेल तर फॉरमॅटच्या नादी लागू नका. फक्त वाचायला, म्हणजे 'आरओ' पर्यायानं, ती एनटीएफएस३वरही उघडते. तेवढ्यात शूटिंग लॅपटॉपवर उतरवून घ्या, बाकीचं मग पाहता येईल.