डॉकरफाइल फॉरमॅट केली आणि बिल्ड का लांबला?

नाशिकमधल्या एखाद्या छोट्या टीमने लासलगावच्या कांद्याचे भाव दाखवणारं पायथॉन ॲप बनवलंय असं धरू. डॉकर या टूलने पायथॉन, लायब्रऱ्या आणि कोड एकत्र बांधून त्याची इमेज करतात (हाच बिल्ड) आणि त्या इमेजवरून कंटेनर, म्हणजे ॲपची बंदिस्त प्रत, चालतो. इमेज कशी बांधायची याच्या सूचना डॉकरफाइल नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलीत असतात. चार जणांचे हात लागले की कुणी सूचना कॅपिटलमध्ये लिहितो, कुणी स्मॉलमध्ये. कुणी टॅब देतो, कुणी दोन स्पेस. डॉकर दोन्ही वाचतो. वैताग येतो तो रिव्ह्यू करणाऱ्याला, कारण खरा बदल एका ओळीचा आणि डिफ (जुन्या-नव्या फाइलीतला फरक) तीस ओळींचा.

फाइलीची मांडणी एकसारखी करायला, म्हणजे फॉरमॅट करायला, डॉकरएफएमटी हे गो भाषेतलं कमांड-लाइन टूल आहे. ते शोधा-आणि-बदला पद्धतीने काम करत नाही. डॉकर ज्या बिल्डकिटने इमेज बांधतो, त्याच्याच पार्सरने (मजकुराची रचना ओळखणाऱ्या भागाने) ते फाइल वाचतं. ‘रन’ सूचनेतल्या, बिल्डच्या वेळी चालणाऱ्या शेल कमांड वेगळ्या शेल पार्सरकडे जातात आणि ‘अँड-अँड’ने जोडलेली लांबलचक कमांड तोडून एकेका ओळीवर येते. इंडेंट (ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा) मुळात चार स्पेसचा. आय पर्यायाने बदलता येतो. नुसतं चालवलं तर नीट केलेला मजकूर फक्त स्क्रीनवर दिसतो. फाइल बदलायची तर डब्ल्यू, आणि नुसतं तपासायचं तर सी पर्याय द्यायचा. सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीत, सी ठेवावा: फाइल विस्कटलेली असेल तर जॉब फेल होतो.

आता गोम. बिल्डकिट प्रत्येक पायरीचा निकाल कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या साठ्यात, ठेवतो आणि सूचना तीच असेल तर पुन्हा चालवत नाही. ओळ पुढे चालू ठेवणारा बॅकस्लॅश वाचताना गळतो, पण पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस कमांडमध्येच राहतात. म्हणजे ‘रन’मधला इंडेंट दोनाचा चार झाला की बिल्डकिटच्या लेखी ती कमांडच नवी. ती पायरी आणि तिच्या पुढच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा चालतात, पॅकेजं पुन्हा उतरतात. कमेंट किंवा सूचनेची कॅपिटल अक्षरं बदलली तर असं होत नाही. म्हणून पहिलं फॉरमॅटिंग रिलीजच्या दिवशी करू नये.

फाइल देखणी झाली म्हणजे बरोबर झाली असंही नाही. कंटेनर सुरू होताना काय चालवायचं ते सांगणाऱ्या ‘सीएमडी’ सूचनेची यादी जेसन या फॉरमॅटमध्ये, चौकटी कंसात असते, तिला दुहेरी अवतरण चिन्हंच लागतात. एकेरी दिली तर डॉकर तिला यादी न मानता जशीच्या तशी शेलकडे देतो. बिल्ड पास होतो, पण कंटेनर सुरू करताच चौकटी कंसापासून सुरू होणारी ‘कमांड’ सापडली नाही म्हणून बंद पडतो. असल्या चुका पकडायला हॅडोलिंटसारखा लिंटर हवा. फॉरमॅटरकडून ती अपेक्षाच चुकीची.

जुन्या प्रोजेक्टात फॉरमॅटिंगचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) वेगळाच ठेवा, त्यात दुसरा एकही बदल नको. बॅकस्लॅशऐवजी दुसरं एस्केप चिन्ह ठरवणाऱ्या, म्हणजे बहुधा विंडोजसाठीच्या, फाइली आधी बाजूला काढा. ‘रन’मध्ये सेमिकोलन किंवा कंसातले गट असतील तर निकाल डोळ्यांखालून घाला. कमिट झाला की त्याचा हॅश (ओळख-क्रमांक) गिट ब्लेमच्या, म्हणजे कोणती ओळ कुणी बदलली ते दाखवणाऱ्या कमांडच्या, दुर्लक्ष-यादीत टाका, नाहीतर बदललेल्या प्रत्येक ओळीवर फॉरमॅट करणाऱ्याचंच नाव दिसत राहील.