स्वनिम आणि स्वनांतर : होडीतला ड, डोलकाठीतला ड

'डोलकाठी' म्हणा, मग 'होडी' म्हणा. लक्ष जिभेच्या शेंड्याकडे ठेवा. 'डोलकाठी'त जीभ टाळूला टेकते, हवा क्षणभर अडते आणि मग सुटते. 'होडी'त ती टाळूला नुसती चाटून खाली येते. ध्वनी दोन, पण मराठी माणसाला ते दोन वाटतच नाहीत.

प्रत्यक्ष तोंडातून निघालेला ध्वनी म्हणजे स्वन. ज्याच्या जागी दुसरा घातला की शब्दाचा अर्थच पालटतो, तो स्वनिम. एकाच स्वनिमाचे जागेनुसार जे वेगवेगळे उच्चार होतात, ती त्याची स्वनांतरं. लिहिताना स्वनिम तिरप्या रेघांत, /ड/ असा, आणि स्वन चौकोनी कंसात दाखवतात. विद्यार्थ्यांचे निम्मे गोंधळ हे कंस अदलाबदल केल्यामुळेच होतात.

ओळखायचं कसं? आधी एकाच ध्वनीने वेगळी होणारी जोडी शोधावी. गाल–गाळ, काल–काळ, वेल–वेळ अशा जोड्या सापडल्या की /ल/ आणि /ळ/ वेगळे स्वनिम ठरले, काम संपलं. जोडी नाही सापडली, तर प्रत्येक ध्वनी कुठे येतो त्याची यादी करावी. टेकणारा ड शब्दाच्या सुरुवातीला (डोळा, डाळ), अनुनासिकापुढे (हंडा) आणि द्वित्तात (खड्डा) येतो. चाटून जाणारा स्वरानंतर येतो : वाडी, माड, घोडा. एकाच्या जागी दुसरा येत नाही, म्हणून ही स्वनांतरं. यादीत 'रेडिओ' आला तर घाबरू नये. तिथे दोन स्वरांमध्येही जीभ टेकते, पण तो शब्द बाहेरून आलेला आहे. असे शब्द बाजूला काढूनच यादी करावी.

जागा वाटून घेतलेल्या असणं तेवढंच मात्र पुरत नाही, ध्वनी एकमेकांसारखेही हवेत. इंग्रजीत ह शब्दाच्या शेवटी येत नाही आणि ङ सुरुवातीला येत नाही, तरी त्यांना कोणी एक स्वनिम मानत नाही.

'फणस'ची गोष्ट निराळी. कोणी दोन्ही ओठ मिटून, प ला श्वास जोडून म्हणतं, कोणी खालचा ओठ वरच्या दातांना लावून. जागा तीच, अर्थ तोच. याला मुक्त विकल्पन म्हणतात.

सगळ्यात जास्त चकवतो तो 'च'. 'चार म्हशी' आणि 'म्हशींना चार' (चारा घाल) यांत अक्षर एकच आहे, पण पहिला च तालव्य (जीभ टाळूला लावून म्हटलेला) आणि दुसरा दंततालव्य (जीभ आणखी पुढे, दातांजवळ नेऊन म्हटलेला). अर्थ वेगळे, म्हणजे स्वनिम दोन. तरीही इ, ए, य यांच्या आधी मराठी शब्दांत तालव्यच येतो : 'माझा' दंततालव्य, 'माझी' तालव्य. जुनी वाटणी अशी नीट होती. मग संस्कृतातून 'चंद्र', 'चरण' आले, 'च्यार'मधला य झिजून 'चार' उरला, आणि अ-आ आधीही तालव्य च बसला. वाटणी मोडली तेव्हा स्वनांतराचा स्वनिम झाला. देवनागरीने त्याला वेगळं अक्षर दिलं नाही, म्हणून लिपी पाहून निर्णय करू नये.

एका बोलीतला निकाल दुसऱ्या बोलीला लावणं ही त्याहून मोठी चूक. मालवणीत 'काळो', 'डोळो' म्हणताना ळ शाबूत आहे. उत्तर कोकणातल्या आगरी-कोळी बोलीत नारळी पौर्णिमा 'नारली पुनव' होते आणि पाणी 'पानी'. जो बोलणारा सगळीकडे फक्त ल म्हणतो, त्याच्या बोलीत काल–काळ ही जोडीच उरत नाही. तिथे /ल/ एकच. आगरीत घोड्याचा 'घोरा' होतो, तोही पाहण्यासारखा : स्वरांमधला चाटून जाणारा ड हा र च्या इतका जवळ आहे की तो सरकून त्याच्यात जाऊन बसला. शब्दाच्या सुरुवातीचा, घट्ट टेकणारा ड असा सहज सरकत नाही.

म्हणून बोलीचे नमुने घेताना शब्द लिहून वाचायला देऊ नयेत. कागदावर 'नारळ' दिसला की शाळेत गेलेला माणूस हमखास ळ म्हणेल. नारळ समोर ठेवावा, 'हे काय?' विचारावं, आणि तोच शब्द तीनदा, वाक्यात घालून म्हणवून घ्यावा. आजी आणि नात यांची नोंद वेगवेगळ्या पानावर ठेवावी. एका घरातही दोघींचे स्वनिम सारखे असतीलच असं नाही.