पॉइंट नवे, ठिणगी गायब

शेजारच्या काकांकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतल्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून गेल्या, पण काकांनी आपली घरची गाडी जिवापाड जपली आहे. एका रविवारी त्यांनी डेल्कोतले (प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डबीतले) पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारी धातूची टोकं, आणि कंडेन्सर स्वतःच्या हातांनी बदलले. जुने पॉइंट जळून त्यांना खड्डे पडले होते, तरी आदल्या दिवशीपर्यंत गाडी चालत होती. नवे बसवले, सेल्फ मारला, इंजिन गरगर फिरलं, पण पकडेना. दुपारपर्यंत कार्ब्युरेटर उघडून झाला, पेट्रोल पंप तपासून झाला, आणि बॅटरी मात्र अर्धी उतरली.

काल चालणारी गाडी आज एक भाग बदलल्यावर रुसते, तेव्हा पेट्रोल पंप त्याच मुहूर्तावर बिघडला असण्याची शक्यता फार थोडी. संशय आधी त्या बदललेल्या भागावर आणि तो बसवताना जिथे जिथे हात लागला त्या जागेवर घ्यावा. पण नेमकं काय बघायचं, हे कळायला इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी कशी पडते ते ठाऊक हवं.

आपल्याकडचे मेकॅनिक डिस्ट्रिब्युटरला ‘डेल्को’ म्हणतात. हा शब्द ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ या अमेरिकी कंपनीच्या नावावरून आला. चार्ल्स केटरिंग यांनी एडवर्ड डीड्स यांच्यासोबत १९०९ मध्ये ती काढली. तिची बॅटरीवर चालणारी इग्निशन यंत्रणा १९१० च्या कॅडिलॅकमध्ये बसली, आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तिचाच विजेवरचा सेल्फ आला. ‘सेल्फ मारतोय, पण डेल्कोत करंट नाही’ हे गॅरेजमधलं रोजचं वाक्य. त्यातल्या दोन्ही वस्तूंमागे एकच माणूस उभा आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

केटरिंगपुढचा प्रश्न असा होता. बॅटरी देते १२ व्होल्ट (त्या काळी ६ असत), आणि सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेतून, प्लगच्या दोन टोकांमधली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची उडी मारायला विजेला हजारो व्होल्ट लागतात. हा फरक कॉइल भरून काढते. तिच्यात एकाच लोखंडी गाभ्यावर दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, थोड्या वेढ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, त्याच्या साधारण शंभर पट वेढ्यांचं. पॉइंट मिटलेले असताना जाड तारेतून तीन-चार अँपिअर प्रवाह वाहतो आणि गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. इथवर ठिणगी नाही. डेल्कोतला कॅम (उंचवटे असलेला फिरता भाग) फिरून पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र एकदम कोसळतं, आणि त्या कोसळण्यातून जाड वेटोळ्यात दोनशे-तीनशे व्होल्ट, तर बारीक वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्ट उमटतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. क्षेत्र जितक्या वेगाने बदलेल तितकी वीज जास्त.

म्हणजे आपल्या नेहमीच्या समजुतीच्या उलट प्रकार. बटण दाबून विजेचं मंडळ (सर्किट) जोडलं की दिवा लागतो. इथे मंडळ तुटलं की ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत हे तुटणं सेकंदाला शंभर वेळा, तेही नेमक्या क्षणी, व्हावं लागतं. मंडळ कधी जोडलंच गेलं नाही तर ठिणगी नाही, आणि कधी तुटलंच नाही तरीही नाही. पॉइंट बदलल्यावरचे बहुतेक बिघाड या दोन कप्प्यांत बसतात.

पहिला कप्पा साधा आहे. नव्या पॉइंटच्या टोकांवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर असू शकतो. तो पेट्रोलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने पुसला नाही, तर टोकं टेकूनही प्रवाह जात नाही. गॅप, म्हणजे पॉइंट उघडल्यावरची फट, नको इतकी मोठी ठेवली तरी पॉइंट नीट मिटत नाहीत. फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने) सुमारे ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवायची, तीही कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली आणून.

दुसरा कप्पा फसवा, आणि काका तिथेच अडकले होते. पॉइंटचं स्थिर टोक डेल्कोच्या पत्र्यावर, म्हणजे बॉडीच्या अर्थवर (बॅटरीचं दुसरं टोक जिथे जोडलेलं असतं तिथे) असतं. हलणारा दांडा मात्र पत्र्यापासून पूर्ण तोडलेला हवा. कॉइलकडून आलेली वायर आणि कंडेन्सरची वायर या दांड्याच्या स्प्रिंगसोबत एकाच खुंटीवर कसली जाते, आणि त्या खुंटीला पत्र्यापासून वेगळं ठेवतात दोन छोटे फायबर वॉशर. बसवताना एक वॉशर चुकीच्या बाजूला गेला, किंवा वायरच्या टोकाचा धातूचा डोळा वाकून पत्र्याला टेकला, की प्रवाह पॉइंटला वळसा घालून सरळ अर्थमध्ये जातो. पॉइंट डोळ्यांसमोर उघडतात, मिटतात, सगळं ठाकठीक दिसतं. मंडळ मात्र तुटतच नाही. कंडेन्सर आतून शॉर्ट असेल तरीही हेच होतं. त्याची वायर सोडवून बघितली की ते कळतं.

हा कंडेन्सर असतो तरी कशाला? पॉइंट उघडू लागतात तेव्हा त्यांच्यातली फट अगदी बारीक असते आणि प्रवाह थांबायला तयार नसतो. तो फटीतून ठिणगीच्या रूपात पुढे जात राहतो. मग प्रवाह झटकन न तुटता रेंगाळत कमी होतो, क्षेत्र हळू कोसळतं, आणि प्लगवर अशक्त पिवळट ठिणगी येते, कधी तीही नाही. कंडेन्सर त्या पहिल्या क्षणी प्रवाहाला जायला जागा देतो. तेवढ्यात पॉइंट पुरेसे दूर होतात. त्याची वीज साठवायची क्षमता असते जेमतेम पाव मायक्रोफॅरड, पण त्याच्याविना पॉइंट लवकर जळतात आणि गाडी जेमतेम चालते. म्हणून नवा म्हणजे चांगलाच, असं धरून चालू नये. जुना कंडेन्सर फेकण्याआधी परत लावून बघण्यात शहाणपण आहे.

तपासायला महागडं उपकरण लागत नाही. १२ व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी पुरतात. इग्निशन चालू करा. बल्बची एक वायर बॉडीला, दुसरी कॉइलच्या बॅटरीकडच्या टोकाला लावा. बल्ब लागला नाही तर कॉइलपर्यंत करंटच येत नाही. लागला तर दुसरी वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला न्या आणि इंजिन हाताने सावकाश फिरवा. पॉइंट मिटले की बल्ब विझायला हवा, उघडले की लागायला हवा. कायम लागलेला राहिला तर पॉइंट जोडले जात नाहीत. कायम विझलेला राहिला तर कुठेतरी अर्थ बसलाय. काकांचा बल्ब एकदाही लागला नाही. खुंटी सोडली, वॉशर जागेवर घातला, आणि बल्ब डोळे मिचकावल्यासारखा उघडझाप करू लागला.

तरीही गाडी लगेच स्टार्ट झाली नाही. दिवसभर सेल्फ मारून सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलं होतं आणि प्लग ओले झाले होते. ओल्या प्लगमध्ये वीज गॅपवरून उडी न मारता ओल्या चिनीमातीवरूनच निघून जाते. शिवाय बॅटरी उतरली की सेल्फ फिरताना व्होल्ट आणखी घसरतात, कॉइलला कमी मिळतं, ठिणगीही तशीच येते. प्लग काढून वाळवले, दुसऱ्या गाडीवरून बॅटरीला जंपर दिला, आणि दुसऱ्याच प्रयत्नात इंजिन पकडलं. आवाज थोडा खरखरीत होता. पॉइंटची गॅप बदलली की ते उघडण्याचा क्षण बदलतो, म्हणजे टायमिंगही सरकतं, आणि ते जुळवणं बाकी होतं.

डेल्कोचं झाकण आणि प्लगच्या वायरी बदलल्या असतील तर संशयाची जागा वेगळी. पद्मिनीत सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम १-३-४-२. दोन वायरी अदलाबदल झाल्या की इंजिन कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज काढतं. जुन्या वायरी काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्यावा. आणि झाकण लावण्याआधी रोटर (फिरत फिरत एकेका प्लगच्या वायरीला वीज देणारा भाग) आत आहे ना, हे बघावं. तो टेबलावर राहिल्याने वाया गेलेल्या संध्याकाळी मी पाहिल्या आहेत.

आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत. मंडळ तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो आणि क्षण सांगतो क्रँकजवळचा (इंजिनच्या मुख्य दांड्याजवळचा) सेन्सर. तिथे वायर काढून ठिणगी बघायचा जुना प्रयोग करू नये, ठिणगी सांभाळणारं महाग इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळू शकतं. पण इग्निशनचं कुलूप नव्या किल्लीसकट बदलल्यावर एक प्रकार हमखास दिसतो. सेल्फ फिरतो, इंजिन एखाद-दोन सेकंद पकडतं किंवा पकडतच नाही, आणि डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत राहतं. अशा बऱ्याच गाड्यांत किल्लीच्या डोक्यात छोटी चिप असते, तिला स्वतःची बॅटरी नसते. कुलपाभोवतीचं वेटोळं बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, चिपच्या वेटोळ्यात त्याने वीज उमटते, आणि त्या विजेवर चिप आपला सांकेतिक क्रमांक कळवते. फॅरेडेचाच नियम, या वेळी ओळखपत्र दाखवायला. नव्या चिपचा क्रमांक गाडीच्या संगणकाला ठाऊक नसतो. जुनी किल्ली नव्या किल्लीच्या डोक्याला चिकटवून धरा आणि फिरवा. इंजिन चालू राहिलं तर कुलूप ठीक आहे, फक्त नव्या किल्लीची नोंद गाडीत करून घ्यायची राहिली आहे.