खताच्या नावाखाली नशा: ब्रिटनच्या २०१६ च्या कायद्याची पार्श्वभूमी

‘झाडांसाठी खत. खाण्यासाठी नाही.’ २००९ च्या सुमारास ब्रिटनमध्ये मेफेड्रोन या नशेच्या पदार्थाच्या पुड्यांवर असं काहीबाही छापलेलं असे. त्यातलं खरं काय ते विकणाऱ्याला, घेणाऱ्याला आणि पोलिसांनाही ठाऊक होतं. पण १९७१ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीत नाव नाही, म्हणजे गुन्हा नाही. पदार्थही काही नवा नव्हता. प्रयोगशाळेत तो १९२९ मध्येच तयार झाला होता.

एप्रिल २०१० मध्ये त्यावर बंदी आली. लगेच त्याच धाटणीचं नॅफायरोन ‘एनआरजी-१’ या नावाने बाजारात उतरलं. जुलैत त्यावरही बंदी. रेणूत किंचित फेरफार केला की नवा माल तयार, आणि सरकार पुन्हा यादी उघडून बसलेलं. (आपल्याकडे ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणून मुंबईत विकलं जाणारं मेफेड्रोन एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत यायला फेब्रुवारी २०१५ उजाडला.)

आयर्लंडने ही पाठशिवण आधी थांबवली. तिथे अशा मालाची शंभरावर दुकानं उघडली होती. ऑगस्ट २०१० मध्ये लागू झालेल्या कायद्याने पदार्थांची नावं मोजणं सोडून नशेच्या परिणामावर बोट ठेवलं आणि विक्रीच गुन्हा ठरवली. बहुतेक दुकानांना टाळं लागलं.

ब्रिटनने २०१६ मध्ये तीच वाट धरली. मज्जासंस्थेला उत्तेजन देऊन किंवा ती मंदावून मनावर परिणाम करणारं काहीही विकायचं नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत. तुरुंगाबाहेर नुसतं जवळ बाळगणं मात्र गुन्हा नाही. या व्याख्येत सकाळचा चहाही अडकतो, म्हणून सवलतींची यादी करावी लागली: अन्न, कॅफीन, औषधं, दारू, तंबाखू. शेवटची दोन का सुटली, याचं उत्तर रसायनशास्त्रात सापडत नाही.

एप्रिलमध्ये लागू व्हायचा कायदा २६ मेपर्यंत लांबला. ‘पॉपर्स’, म्हणजे हुंगून नशा करायची द्रव्यं, त्यात बसतात का, यावर संसदेत खडाजंगी झाली. अमली पदार्थांविषयीच्या आपल्या सल्लागार मंडळाचं मत घेऊन सरकारने मार्चमध्ये ते बाहेर ठेवले. २०१७ मध्ये नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे ‘हसवणाऱ्या वायू’चा पेच आला. तो तर दातांचे डॉक्टर वापरतात, म्हणजे औषध, असा आरोपींचा बचाव होता. काही खटले त्यावर कोसळले. अपील न्यायालयाने मात्र तो फेटाळला. तरी वापर काही आटोक्यात येईना. नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने हा वायू १९७१ च्या त्याच जुन्या यादीत घातला.