कायनेजवर मागून घेतलेला कब्जा

कोल्हापुरात एम. एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या पेपरात सेल सिग्नलिंगवर प्रश्न आला की सार्क कायनेजची (दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या एका एंझाइमची) आकृती हमखास निघते. त्यातल्या बऱ्याच आकृत्यांत प्रथिनाचं शेपूट, म्हणजे साखळीचं शेवटचं टोक, पुढे वळवून थेट सक्रिय जागेवर टेकवलेलं असतं. एंझाइम बंद राहतं हे त्यात बरोबर आहे, पण ते कसं बंद राहतं हेच चुकतं. त्यासाठी इतिहासात मागे जावं लागतं.

कोंबडीत गाठी उठवणारा विषाणू १९११ चा. त्याचं कर्करोगी जनुक मुळात कोंबडीचंच, हे १९७६ मध्ये कळलं. हे जनुक टायरोसिन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवणारं कायनेज, म्हणजे सार्क, बनवतं, हे १९८० पर्यंत स्पष्ट झालं. १९८६ मध्ये अशाच दुसऱ्या विषाणूच्या कायनेजवर काम करताना कायनेजच्या बाहेरचा, सुमारे १०० अमिनो आम्लांचा एक तुकडा लक्षात आला. तो एसएच२. सुमारे ६० अमिनो आम्लांचा एसएच३ त्यानंतर दोन वर्षांनी सापडला. एसएच२ फॉस्फेट चढलेल्या टायरोसिनला धरतो हे कळल्यावर शेपूट एंझाइमला बंद कसं ठेवतं हे कोडं सुटू लागलं. कोंबडीच्या सार्कमध्ये ५२७ क्रमांकाच्या टायरोसिनवर फॉस्फेट असतं (माणसात तो ५३०) आणि प्रथिनाचा स्वतःचाच एसएच२ त्याला पकडतो. विषाणूच्या सार्कला हे शेपूटच नाही, म्हणून ते कायम चालू.

मग पकडल्यावर नेमकं काय होतं? शेपूट आणि एसएच२, एसएच३ ही दोन्ही डोमेन (प्रथिनाचे स्वतंत्र घडीचे भाग) मिळून समोरची सक्रिय जागेची खाच झाकत असतील, हा अंदाज सोपा होता आणि तसाच रुजला. १९९७ मध्ये सार्क आणि त्याचा भाऊबंद एचसीके यांच्या स्फटिकरचना आल्या, आणि दोन्हींत एसएच२ व एसएच३ कायनेजच्या पाठीशी बसलेले दिसले. खाच मोकळीच होती. तालमीतला पैलवान मागून कब्जा घेतो तेव्हा समोरच्याचे हात मोकळे असतात, पण त्याला डाव टाकता येत नाही. तसंच इथे. एसएच३ हा एसएच२ आणि कायनेज यांच्यामधल्या दुव्याला धरतो. त्या दाबाने कायनेजमधली सी-हेलिक्स (मळसूत्री वळणाचा एक भाग) बाहेर सरकते, तिच्यावरचं ग्लुटामेट २९५ क्रमांकाच्या लायसिनपासून तुटतं, आणि फॉस्फेट पुरवणारं एटीपी नीट बसवणारी जोडी मोडते. माझ्या मते या विषयातला सर्वात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि शिकवताना नेमका हाच दोन ओळींत उरकला जातो.

हा कब्जा मुद्दामच सैल आहे. एसएच२ ला टायरोसिनमागे दोन ग्लुटामेट आणि एक आयसोल्युसिन असलेला क्रम फार आवडतो, शेपटात मात्र ग्लुटामीन, प्रोलीन, ग्लायसीन आहेत. दुव्यातही एसएच३ ला हवा तसा प्रोलीनचा नेहमीचा क्रम नाही. त्यामुळे बाहेरून जास्त घट्ट बसणारं प्रथिन आलं की पकड सुटते. एचआयव्हीचं नेफ हे प्रथिन एचसीकेचा एसएच३ असाच ओढून घेतं आणि कायनेज चालू करतं.

सगळीच एंझाइमं अशी मागून धरलेली नसतात. एसएचपी२ या फॉस्फेटेजमध्ये (फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एंझाइममध्ये) पहिला एसएच२ खरोखरच सक्रिय जागेत घुसून बसतो. १९९८ च्या रचनेत ते स्पष्ट दिसलं. विद्यार्थ्यांच्या आकृतीतली समोरून जागा बुजवण्याची कल्पना या एंझाइमसाठी बरोबर ठरते, सार्कसाठी नाही.

सार्कसारख्याच एबल या दुसऱ्या कायनेजची गोष्ट इथल्या रक्तविकारांच्या ओपीडीपर्यंत येते. सीएमएल या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या नातेवाइकांनाही इमॅटिनिब या औषधाचं नाव पाठ असतं. एबलला सार्कसारखं फॉस्फेटवालं शेपूट नाही. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला असलेला मायरिस्टॉयल हा चरबीचा तुकडा कायनेजच्या खालच्या भागातल्या खळग्यात शिरतो आणि एसएच२-एसएच३ ना पाठीशी जखडून ठेवतो, हे २००३ मध्ये दिसलं. सीएमएलमध्ये एबलला बीसीआर हे दुसरं प्रथिन जोडलं जातं तेव्हा हे टोकच गळून पडतं. इमॅटिनिब समोरच्या, एटीपीच्या जागेत बसतं. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं असिमिनिब हे औषध मात्र मायरिस्टॉयलच्या त्या रिकाम्या खळग्यात बसतं, म्हणूनच ३१५ क्रमांकाचं थ्रिओनिन बदलल्यामुळे इमॅटिनिबला दाद न देणाऱ्या पेशींवरही ते चालतं.