तांदळातील आर्सेनिक

भातपिकाच्या दाण्यात साठणारे आर्सेनिक, मुख्यतः त्याची अजैव (कार्बनविरहित) संयुगे. आर्सेनिक काटेकोरपणे उपधातू आहे. विषारीपणामुळे ते कॅडमियम, शिसे, पारा यांच्याबरोबर जड धातूंत धरतात. मासळीत एकूण आर्सेनिक पुष्कळदा जास्त भरते, पण ते बहुतांशी आर्सेनोबीटेन या सेंद्रिय संयुगाच्या रूपात असून जवळजवळ निरुपद्रवी असते. तांदळातले बरेचसे अजैव, म्हणजे घातक. म्हणून नुसत्या एकूण प्रमाणावरून भातप्रधान शाकाहार निर्धोक मानता येत नाही.

बंगालच्या त्रिभुज प्रदेशात हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधेचे त्वचारुग्ण १९८२-८३ च्या सुमारास कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी ओळखले. बांगलादेशातील विहिरींत आर्सेनिक १९९३ मध्ये आढळले. तेथील भूजलात ते कसे उतरले, याविषयी मतभेद आहेत. उपशाने पाण्याची पातळी खालावून गाळात हवा शिरते आणि आर्सेनिकयुक्त पायराइटचे (लोह व गंधक यांच्या खनिजाचे) ऑक्सिडीकरण होते, असे एक मत. खतांतील फॉस्फेट आर्सेनिकाला मातीच्या कणांवरून हुसकावते, असे दुसरे. तिसऱ्या मतानुसार हिमालयातून वाहत आलेल्या गाळकणांवर लोहाच्या ऑक्साइडांचा लेप असतो व आर्सेनिक त्याला चिकटलेले असते. ऑक्सिजनरहित थरात सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्याच्या बळावर या लोहाचे क्षपण (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) करतात, लेप विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात सुटते. अशा पाण्यात लोह भरपूर व सल्फेट अत्यल्प सापडते. पायराइटच्या ऑक्सिडीकरणाने सल्फेट वाढायला हवे, म्हणून ही गोष्ट पहिल्या मताशी जुळत नाही. १९९८ नंतर तिसरे मतच अधिक ग्राह्य ठरले आहे. सूक्ष्मजीवांना लागणारा कार्बन गाडल्या गेलेल्या पीटमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरातून) येतो की तळ्यांतून झिरपतो, हा वाद मात्र मिटलेला नाही.

उथळ कूपनलिकांच्या पाण्यावर उन्हाळी बोरो भात पिकतो, तेव्हा हेच आर्सेनिक खाचरात येते. पाणी तुंबलेल्या, हवा नसलेल्या चिखलात त्याचे आर्सेनाइट हे रूप बनते. त्याचा रेणू सिलिसिक अम्लासारखा (पाण्यात विरघळलेल्या सिलिकासारखा) असल्याने मुळे त्याला सिलिकाच्याच वाटेने आत घेतात. सिलिका भाताला भरपूर लागते, त्यामुळे ही वाट गव्हापेक्षा भातात मोठी असते. दाण्यात ते कोंड्याच्या थरात जास्त साठते. म्हणून न सडलेल्या (कोंडा न काढलेल्या) तांदळात पांढऱ्यापेक्षा अधिक सापडते. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाची अजैव आर्सेनिकाची मर्यादा सडलेल्या (कोंडा काढलेल्या) तांदळासाठी किलोमागे ०.२ मिग्रॅ. (२०१४), न सडलेल्यासाठी ०.३५ मिग्रॅ. आहे.

तांदूळ धुऊन थोडेच आर्सेनिक जाते. सहापट पाण्यात शिजवून भात वेळला, तर अजैव आर्सेनिक बरेच, काही प्रयोगांत निम्म्याच्या आसपास, घटते. पेजेबरोबर ब जीवनसत्त्वेही जातात, आणि शिजवायचे पाणीच दूषित असेल तर उपाय उलटतो. गर्भवती व लहान मुले यांच्यासाठी स्वच्छ पाण्याची सोय आधी व्हायला हवी.

खाचर मधूनमधून कोरडे ठेवल्यास आर्सेनिक कमी होते, मात्र कॅडमियम वाढते. जपानमध्ये कामिओका खाणीच्या सांडपाण्याने जिंझू नदीकाठची भातशेती दूषित झाली. तेथील इताई-इताई या हाडे ठिसूळ करणाऱ्या रोगाचे कारण कॅडमियम असल्याचे सरकारने १९६८ मध्ये मान्य केले. शरीरातील लोहसाठा कमी असेल तर आतडे कॅडमियम जास्त शोषते. पंडुरोगी स्त्रियांना यामुळे विशेष धोका संभवतो.